रणगाडा, गंज आणि ठिपक्यांचं पुस्तक
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोडं सावरून लिहिलेलं)



सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणीने माझी ओळख "रणगाडे बनवणारा" अशी करून दिली. त्यामुळे मागच्या रांगेत काही जणांनी माना वर केल्या. गैरसमज नको. मी जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये टर्नर आहे. सळई ज्या रोलमधून निघते, ते रोल लेथवर कापून देतो. रणगाडे बनवतो ते घरी, रात्री जेवण झाल्यावर, आणि ते प्लास्टिकचे. टेबलावर ठेवलाय तो त्यातला एक. कमिटीचा आग्रह होता, "छंदावर दहा मिनिटं बोल." मी आधी नाही म्हणालो होतो. नाही का म्हणालो होतो, ते पुढे सांगतो.

हा टी-७२ आहे. मूळचा रशियन, पण आपल्याकडे चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात बनायचा आणि त्याला "अजेय" म्हणतात. खरा रणगाडा तोफेसकट साडेनऊ मीटर लांब, वजन साधारण ४१ टन. आत माणसं फक्त तीन, कारण तोफेत गोळा भरायचं काम यंत्र करतं. माझा खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. लांबी २७ सेंटिमीटर, उंची जेमतेम ६. आणि वजन म्हणाल तर आपल्या मोसंबीएवढंही नाही.

तुमच्यातल्या काहींना माझा पहिला रणगाडा आठवत असेल. शिंप्याकडचं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ, भोकातून ओवलेला रबर, एका बाजूला मेणबत्तीची चकती, तिच्यात अडकवलेली खराट्याची लांब काडी. काडीला पीळ द्यायचा आणि बाकावर सोडायचं. रिळाच्या कडांना ब्लेडने दाते पाडले की ते कंपासपेटीवरही चढायचं. सहावीत आम्ही दोघांनी शर्यती लावल्या होत्या आणि गणिताच्या सरांनी दोन्ही रणगाडे जप्त केले होते. त्या दोघांतला दुसरा आज इथे बसलाय. भाषणात नाव घेतलंस तर उठून जाईन, असं त्याने बजावलंय. म्हणून त्याला मी "फौजी" म्हणतो. तुम्ही ओळखालच.

रणगाडा हा शब्द आपल्या घरांत पुस्तकातून आलेला नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मुक्तिसंग्रामाची भाषणं आपण उन्हात उभं राहून ऐकली. पण खरा रणगाडा जालन्यात आला होता, तो त्याच्या दोन-तीन दिवस आधी, सप्टेंबर १९४८ मध्ये. शीख पलटण, जोधपूर इन्फन्ट्रीची एक कंपनी आणि १८ व्या कॅव्हलरीचे काही रणगाडे यांनी शहर घेतलं. माझी आजी तेव्हा लहान होती. तिला लढाई आठवत नव्हती. तिला आठवायचे ते रस्त्यावरचे पट्ट्याचे माग. पोरं त्या मागांवर पाय ठेवत चालायची म्हणे. मी पुढे कितीतरी पुस्तकं चाळली, पण रणगाडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी ते माग येतात.

आता छंदाचं सांगतो. डब्यात काय येतं? प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले शेकडो भाग, आणि चित्रांचा कागद. भाग कापायचे, कानशीने घासायचे, पातळ गोंदाने जोडायचे. हे काम मला सोपं जातं, कारण मिलमध्ये मी हेच करतो, फक्त तिथे लोखंड असतं. जोडून झाला की रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. तो खेळणं राहणार की वाहन होणार, हे रंग दिल्यानंतर ठरतं. या रंगकामाच्या शेवटच्या भागाला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. आपण म्हणू, ऊन-पाऊस खाल्लेला दिसला पाहिजे. मला त्यासाठी आपल्याकडचा "मुरणं" हा शब्द आवडतो. लोणचं मुरतं तसा रणगाडा मुरवावा लागतो, आणि दोन्हींत घाई केली की बिघडतं.

करायचं कसं? आधी अस्तर. मग मूळ रंग, तोही एकसारखा नाही. वरून ऊन पडतं तिथे जरा उजळ, खाली सावलीत गडद. लहान वस्तूवर खराच रंग खऱ्याएवढाच गडद दिला, तर ती काळपट दिसते, म्हणून थोडं पांढरं किंवा पिवळं मिसळावं लागतं. ते वाळलं की चमकदार वॉर्निशचा हात. त्यावर तेलरंगाचा गडद तपकिरी, टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ केलेला, बारीक ब्रशने बोल्टच्या कडेला आणि सांध्यांत टेकवायचा. तो आपला आपण खाचेतून पळतो. हे बघायला मला अजून मजा येते. मग रंगाचे टवके. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून, कडांवर नुसता टेकवायचा. पावसाचे ओघळ दाखवायला तेलरंगाचा ठिपका ठेवून ओलसर ब्रशने वरून खाली ओढायचा. सगळ्यात शेवटी धूळ.

धूळ विकत मिळते. परदेशातून छोट्या बाटलीत येते आणि किंमत ऐकून आमच्या हिने विचारलं होतं, "आपल्या जालन्यात धूळ कमी पडली का?" मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून मी इथलीच वापरतो. शेतातली काळी माती, विटांचा भुगा, चुना, पांढरी रांगोळी. पण खरी माती तशीच टाकली तर या मापात ती खडी दिसते. पस्तीसने गुणून बघा, मोहरीएवढा खडा म्हणजे रणगाड्यावर मोठा दगड. म्हणून ती खलात कुटून वस्त्रगाळ करायची. जुन्या धोतराचं कापड त्याला सगळ्यात चांगलं.

गंजाचं तर विचारूच नका. मी ज्या ठिकाणी काम करतो तिथे गंज फुकट आहे. पहिली चार-पाच वर्षं मी माझ्या रणगाड्यांना मिलमधला खरा गंज वस्त्रगाळ करून लावला आणि त्याचा मला फार अभिमान होता. म्हटलं, स्पेनचे आणि जपानचे लोक रंगाने गंज दाखवतात, आपला अस्सल!

आता ते सांगतो, ज्यासाठी मी आधी नाही म्हणत होतो.

सातवीत चित्रकलेच्या तासाला मी एक झाड काढलं होतं. खोड हिरवं आणि पानं तपकिरी. सरांना वाटलं मी चेष्टा करतोय. त्यांनी कान धरून वर्गापुढे उभं केलं आणि तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो, कारण मला कळलंच नव्हतं काय चुकलंय ते. घरी कुणाला सांगितलं नाही. माझे थोरले मामा भोकरदनकडचे, मिरचीवाले. ते पिकलेली मिरची रंगावरून कधीच तोडत नसत, बोटांनी दाबून बघत. लोक म्हणायचे, केवढा जाणकार माणूस! त्यांनाही तेच होतं हे मला फार उशिरा कळलं. लाल-हिरव्याची गल्लत आईच्या बाजूने येते. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही, मुलात उतरतं. म्हणून पुरुषांत ते जास्त.

दहावीनंतर फौजी आणि मी, दोघांनी जालन्यात आयटीआय केलं. १९९१ मध्ये औरंगाबादला लष्कराची भरती होती. छोट्या लाइनच्या गाडीने रात्रीच निघालो आणि मैदानाबाहेर वर्तमानपत्र अंथरून झोपलो. सकाळी धावण्यात मी त्याच्या पुढे होतो, हे त्याला विचारा. बीमला लोंबकळून उठण्यात तो पुढे. छाती दोघांचीही भरली, फुगवून पाच सेंटिमीटर. मग मेडिकल. तिथे एक पुस्तक समोर धरतात, गोल पानावर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये ते छापलं. पहिलं पान सगळ्यांनाच वाचता येतं. दुसऱ्या पानावर मला नुसते ठिपके दिसले. तिसऱ्यावरही. मी अंदाजाने आकडे सांगायला लागलो, तेव्हा पुस्तक मिटलं.

गावात आल्यावर मी सांगितलं, छाती भरली नाही. वडिलांना तेच, बायकोला तेच, पुढे मुलीलाही तेच. तेहतीस वर्षं मी छातीलाच बोल लावला. माणसाची छाती कमी असली तर लोक म्हणतात, दूध पाजा. डोळ्यांना रंग कळत नाहीत म्हटलं की समोरचा लगेच शर्ट दाखवून विचारतो, "हा कोणता रंग? आणि हा?" मी ते टाळलं, एवढंच. मिलमध्येही मी कधी अडलो नाही. तापलेलं बिलेट किती तापलंय हे बाकीचे लालीवरून ओळखतात, मी उजेडावरून ओळखतो. फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

तर अशा माणसाने रणगाडे रंगवायला घेतले. लष्करी हिरवा आणि गंजाचा तपकिरी, म्हणजे नेमके जे दोन मला एकसारखे दिसतात, तेच दोन रंग! फौजेत नेलं नाही म्हणून फौज घरी आणली, असं कुणी म्हणेल. असेलही. मी त्याचा फार विचार केलेला नाही.

बाटलीवर नंबर असतात, त्यावर माझं सगळं चालायचं. तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ म्हणजे लष्करी हिरवा, एक्सएफ-६४ म्हणजे लालसर तपकिरी. एकदा एका बाटलीवर थिनर सांडलं आणि शेवटचा आकडा पुसला गेला. मुलगी तेव्हा शिकायला बाहेरगावी होती. तिला मी नेहमी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "हा कसा वाटतो ग?" ती नव्हती, म्हणून मीच ठरवलं की हा गडद हिरवाच. सगळ्या सावल्या त्याच बाटलीतून मारल्या, वर अस्सल गंज लावला आणि शोकेसमध्ये ठेवला. वर्षभर तो तिथे होता. पाहुणे "वा वा" म्हणून गेले.

२०१९ मध्ये फौजी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला. तो ईएमईत भरती झाला होता, म्हणजे लष्कराचे मेकॅनिक. त्यातली बरीच वर्षं रणगाड्यांच्या रेजिमेंटबरोबर, याच टी-७२ वर. आता घनसावंगीकडे मोसंबीची बाग करतो. त्याने चहाचा कप हातात घेतला आणि शोकेससमोर उभा राहिला. चहा गार झाला तरी हलेना. मग म्हणाला,

"लेका, गाडी लाल काहून केली?"

मी म्हटलं, "लाल कुठंय? हिरवीच आहे ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग विषय बदलून म्हणाला, "आणि हा गंज? हिचा ड्रायव्हर कोण होता? पिट्ठू लावून पळवला असता त्याला. गाडी आम्ही रोज पुसायचो. रोज. पट्ट्यावर रात्रीत गंज चढतो, मान्य. सकाळी दोन किलोमीटर चालली की घासून चकचकीत. बॉडीवर गंज? आमच्या सुभेदारसाहेबांनी जीव घेतला असता."

त्या दिवशी मी त्याला ठिपक्यांच्या पुस्तकाचं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. मेडिकलच्या खोलीतून तू बाहेर आला तेव्हा छातीला हात नव्हता लावला, डोळे चोळत होता." अठ्ठावीस वर्षं त्याला माहीत होतं आणि आमच्या गावात एकाही माणसाला त्याने कळू दिलं नाही.

पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. मिल काही आठवडे बंद. मी तो रणगाडा सॅनिटायझरमध्ये बुडवला. त्यातल्या अल्कोहोलने हा रंग सुटतो. त्या दिवसांत सॅनिटायझर या कामासाठी वापरल्याबद्दल घरात मला जे ऐकावं लागलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. तो बागेत बांधावर बसलेला, मोसंबी झाडावरच, व्यापारी फिरकत नाही. आणि मी इथे भिंग लावून. तो सांगायचा, मी करायचो.

त्याच्या तोंडून जे ऐकलं, ते मला कुठल्याच चित्रांच्या कागदाने सांगितलं नव्हतं. याचा धूर मागून निघत नाही, डाव्या कुशीतून निघतो. म्हणून काजळी डावीकडेच, आणि तिथल्या पट्ट्याच्या झाकणावर सगळ्यात जास्त. डिझेल भरायच्या झाकणाभोवती थोडं सांडतंच, त्यावर धूळ बसून काळा ओला डाग होतो, तो कधी पूर्ण जात नाही. ड्रायव्हर जिथे पाय ठेवून चढतो, तिथला रंग बुटांनी उडतो. पण तिथे गंज नाही, घासलेलं लोखंड चकाकतं. चाकांचं रबर पट्ट्याच्या आतल्या बाजूवर फिरतं, म्हणून आतून दोन उजळ रेघा. वाळवंटात धूळ सगळीकडे सारखी नसते. खाली घट्ट, वर विरळ, आणि माणसं जिथे हात लावतात तिथे पुसलेली. म्हणजे झाकणांच्या कड्या, दुर्बिणीच्या काचा. "काच कधी मळकी ठेवू नको," असं त्याने तीनदा सांगितलं. "काच मळकी म्हणजे आतला माणूस आंधळा."

आणि गंमत बघा. धूळ म्हणजे रंग कमी आणि उजेडाचा फरक जास्त. ते मला दिसतं, कदाचित तुमच्यापेक्षाही बरं. रंगाआड लपलेला पोत काही वेळा रंगांधळ्यांना आधी दिसतो, असं संशोधकांनाही आढळलंय. फौजीला हे सांगितलं तर म्हणाला, "मग तुला घ्यायलाच पाहिजे होतं. पण वायरी जोडायला नसतं बसवलं."

मी नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय पाहिलंय. १९९४ मध्ये सुरू झालेलं. तुम्हीही जरूर जा, पोरांना न्या. दुसऱ्या महायुद्धातला माटिल्डा आहे, १९६५ च्या लढाईत पकडलेला पॅटन आहे. सेंच्युरियन आहे, ज्या जातीच्या रणगाड्यात पूना हॉर्सचे तारापोर साहेब १९६५ मध्ये शहीद झाले. ते आधी निजामाच्या हैदराबादच्या फौजेत होते, म्हणजे एकेकाळी आपल्याच संस्थानाचे. पण तिथले रणगाडे पावसाळ्यात टिकावेत म्हणून छान रंगवून ठेवलेले असतात. वापरलेली गाडी कशी दिसते हे तिथे कळत नाही. ते वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सगळी फौज सीमेवर गेली, ऑपरेशन पराक्रम. फौजी जवळजवळ वर्षभर राजस्थानात होता. हा रणगाडा त्या वर्षातला आहे. लढाई झाली नाही, म्हणून आपण ते विसरून गेलो. पण सुरुंग पेरताना आणि काढताना माणसं गेली. एका संध्याकाळी तो एका पोराबद्दल बोलायला लागला, विदर्भातला होता, आणि मधेच फोन ठेवला. दोन दिवस कॉल नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "टरेटच्या उजव्या बाजूला एक छागल लटकव." छागल म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी. वाऱ्याने पाणी गार राहतं. ती मी टिश्यू पेपर आणि फेव्हिकॉलची केली, सव्वा सेंटिमीटरची. चार वेळा त्याने नापास केली. पाचवी चालली. तिच्याखाली लोखंडावर पाणी झिरपून धूळ धुतल्याचा एक ओघळ आहे, जवळून बघा. ती छागल कुणाची, हे त्याने मला सांगितलंय आणि तुम्हाला सांगू नको असंही सांगितलंय.

रंग बरोबर आहेत का, हे मला विचारू नका. मुलीने आता सगळ्या बाटल्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून मोठ्या अक्षरात नावं लिहिली आहेत. त्या पट्ट्या पाहिल्या आणि मला आठवीतली माझी रंगपेटी आठवली. झाडाच्या त्या प्रकरणानंतर काही महिन्यांनी चित्रकलेच्या सरांनी माझी पेटी मागून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी परत दिली होती. प्रत्येक वडीखाली कागदाची बारीक पट्टी, त्यावर नाव. हिरवा, तपकिरी, तांबडा. मला वाटलं, सगळ्यांच्याच पेट्यांना लावल्या असतील. मध्यंतरी फौजीला विचारलं, तर त्याच्या पेटीला नव्हत्या. इथे आल्यावर आणखी पाच-सहा जणांना विचारलं, कुणाच्याच नव्हत्या.

सर पहिल्या रांगेत बसले आहेत. मघाशी चहाला मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला नाही आठवत बाबा, किती पोरं होती." बरं.

माझी दहा मिनिटं कधीच संपली आहेत, सूत्रसंचालिका घड्याळ दाखवते आहे. रणगाडा टेबलावर आहे, जेवणाआधी बघून घ्या. हातात घेतला तरी चालेल, पण खालून धरा. तोफेला धरून उचलू नका, ती दोनदा मोडून झाली आहे. आणि उजव्या बाजूच्या पिशवीला हात लावायचा असेल, तर आधी फौजीला विचारा.